ठकुमावशींचा करंट

वायरमनला घरातलं सगळं दिसतं. कपाटामागे काय लपवलंय, माळ्यावर कोणाच्या नावाची ट्रंक आहे, सासू-सुनेचे टीव्ही वेगवेगळे का आहेत, सगळं. म्हणून माझ्या धंद्याचा पहिला नियम असा, की एका घरातलं दुसऱ्या घरात बोलायचं नाही, आणि स्वतःच्या घरात तर मुळीच नाही. भिवंडीजवळ टेमघरला माझं दुकान आहे, बावीस वर्षं मी हा नियम पाळतोय, आणि त्याच नियमापायी एका बाईची बोटं कायमची जाता जाता राहिली.

माझ्या बायकोचा, धम्मदिनाचा, नियम माझ्याहून कडक. ती आमच्याच भागातल्या एका छोट्या कॅन्सर केंद्रात नर्स आहे. पाच खाटा, एक डॉक्टर, आठवड्यातून दोनदा सलाइनमधून केमो. मागच्या वर्षापासून शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी तिच्या केंद्राला एका अभ्यासात घेतलंय. ही औषधं तपासली जातात मोठ्या इस्पितळात, जिथे पेशंट शिंकला तरी तीन डॉक्टर गोळा होतात. पण तेच औषध घेऊन माणूस वडप्याला किंवा पडघ्याला आपल्या घरी गेला की तिथे त्याला काय त्रास होतो, ते कोणाच्या कागदावर येत नाही. ते कागदावर आणायचं, असा हा अभ्यास. त्यासाठी धम्मदिना दर मंगळवारी एकतीस पेशंटना फोन करते आणि प्रत्येकाला चोवीस प्रश्न विचारते. घरी ती कोणाचं नाव घेत नाही. सात नंबर, अकरा नंबर, सतरा नंबर, असंच बोलते. मीही 'एक गिऱ्हाईक आहे' एवढ्यावर थांबतो. थोडक्यात, आमच्या घरात जेवताना दोन माणसं बिननावाच्या लोकांबद्दल बोलतात आणि दोघांपैकी कोणीच ऐकत नाही.

जानेवारीत वळ गावाहून दाजींचा फोन आला. दाजी माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या शेतावर आता दोन गोदामं उभी आहेत, त्यांतलं सगळं वायरिंग माझं. म्हणाले, आईला फ्रिजला हात लावला की करंट लागतो, हातातलं काम टाकून ये.

दाजींची आई म्हणजे ठकुमावशी. वय सत्तर, आणि त्या भागातली नावाजलेली धवलारीण. आमच्याकडे आगरी लग्नात धवलारीण बसल्याशिवाय हळद चढत नाही. ती पाटाखाली तांदळाच्या पिठाचा चौक भरते, नवरीला पाटावर बसवते आणि एकेका विधीचा धवला गाते. ठकुमावशी गायला बसल्या की लोक मांडवातला डीजे बंद करायला लावतात, यावरून काय ते समजा. एप्रिलअखेर त्यांच्या स्वतःच्या नातीचं, करिष्माचं, लग्न ठरलं होतं. मावशी मात्र फार वाळल्या होत्या. डिसेंबरात अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, असं मला सांगण्यात आलं होतं.

मी फ्रिजला टेस्टर लावला, दिवा पेटला नाही. उलट्या हाताने शिवून पाहिलं, काही नाही. दाजींनी शिवलं, करिष्माने शिवलं, कोणालाच काही नाही. मावशींनी नुसतं बोट टेकवलं आणि हात झटकला. बोटापासून मनगटापर्यंत झणका गेला म्हणाल्या. कोणी नाटक करत असेल तर मला कळतं. हे नाटक नव्हतं.

मग मी प्लग बदलला, सॉकेट बदललं, फ्रिजखाली लाकडी फळी सरकवली. आठ दिवसांनी दाजींनी कळवलं की करंट गेला. मी कॉलर ताठ केली.

जानेवारी संपता संपता परत फोन. या खेपेला फ्रिजच नाही, पहाटे नळाच्या पाण्यालाही करंट आणि मोरीतल्या स्टीलच्या हंड्यालाही. नळात करंट म्हणजे अर्थिंगचा घोळ, त्यात शंकाच नाही. अंगणात कमरेएवढा खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, नवी अर्थिंग केली. दहा दिवसांत करंट गेला. कॉलर आणखी ताठ.

फेब्रुवारीत तिसऱ्यांदा. दाजी वैतागून नवाच फ्रिज घेऊन आले, तर नव्या फ्रिजचा करंट जुन्याहून जोरात. मी मान खाली घालून घरातलं अर्धं वायरिंग बदललं. मावशींनी तोवर आपल्यापुरता उपाय काढला होता. गोदामातले हमाल घालतात तसले पांढरे सुती हातमोजे घालून त्या फ्रिज उघडायच्या, आणि मग करंट लागत नसे. सुती मोजा करंट कसा अडवतो हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं, पण अडवत होता खरा. त्या खेपेला करंट जायला पंधरा दिवस लागले.

हे सगळं मी घरी सांगत होतो, नाव-गाव गाळून. पण धम्मदिनाचं डोकं तिच्या सतरा नंबरात अडकलेलं. सतरा नंबरला चोवीस प्रश्न विचारले की चोवीस वेळा 'न्हाय' असं उत्तर यायचं. उलटी न्हाय, जुलाब न्हाय, तोंड आलं न्हाय, मुंग्या न्हायत. बाकीचे पेशंटही थोड्याफार फरकाने तसेच. शेवटी शहरातून निरोप आला, की तुमच्या केंद्रातले पेशंट फारच ठणठणीत दिसतात, प्रश्न नीट विचारता ना? त्या निरोपावर ती दोन दिवस भांडी आपटत होती. मी प्रश्नांचा कागद पाहिला. चौदावा प्रश्न होता: 'हातापायांच्या अग्रभागी बधिरता अथवा संवेदनांमध्ये बदल जाणवतो का?' मी म्हटलं, हे तर मलाच कळत नाही. ती म्हणाली, मी सोपं करूनच विचारते, तुम्ही तुमच्या फ्रिजचं बघा.

मार्चमध्ये चौथ्यांदा करंट आला आणि या वेळी तो जायचं नाव घेईना. मी दोनदा जाऊन आलो. महिना संपत आला तेव्हा एका रविवारी सकाळी तिसऱ्यांदा गेलो, तर दुरुस्तीसाठी अख्ख्या वळची लाइट बंद. मला उलट बरंच वाटलं. निवांत बोर्ड उघडून बघू म्हटलं, आणि सवयीने घरातला मेन स्विचही पाडला.

मावशी माझ्यासाठी चहा ठेवायला उठल्या. हातमोजे ओटीवरच राहिले होते. त्यांनी फ्रिजमधून दुधाचा डबा काढला आणि त्यांच्या तोंडून किंकाळी निघाली. डबा खाली, दूध सगळ्या स्वयंपाकघरात. घरात वीज नाही, गावात वीज नाही, मेन पडलेला, डब्याला वायर नाही, आणि बाईला करंट. मी दुधात उभा राहून हातातल्या पान्याकडे बघत होतो. मावशींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाल्या, की तुला जमत नसेल तर तसं सांग, मी दुसरा वायरमन बघते. बावीस वर्षांत असं मला कोणी म्हटलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा दुपारचं जेवण वाढलेलं होतं, बोंबलाचं कालवण आणि भाकरी. मी न जेवता सांगायला लागलो. आज मी हरलो म्हटलं. लाइट गेलेली असताना दुधाच्या डब्याला करंट लागतो, याच्यापुढे माझी विद्या संपली.

धम्मदिनाचा भाकरी मोडणारा हात थांबला. "डबा थंड होता का?"

फ्रिजमधला डबा थंडच असणार, मी म्हटलं. मग तिने विचारलं, सकाळच्या नळाच्या पाण्यालाही करंट म्हणाला होतात ना? आणि दुपारच्या पाण्याला? दुपारी टाकी तापते, तेव्हा लागत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा आठवलं. ती उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. त्यावर तिच्या तीन-तीन आठवड्यांनी येणाऱ्या केमोची लाल वर्तुळं असतात आणि माझ्या कामाच्या निळ्या खुणा. ती पानं उलटत गेली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. लाल वर्तुळ तीन आठवड्यांनी एकदा, बुधवारी, आणि प्रत्येक वर्तुळानंतर दोन-तीन दिवसांत माझी निळी खूण. तीन महिने दोन्ही खुणा शेजारी-शेजारी होत्या आणि आम्ही दोघं त्या कॅलेंडरखाली बसून जेवत होतो.

"तुमचं गिऱ्हाईक हातमोजे घालतं का?" तिने विचारलं.

"गोदामाचे. पांढरे."

ती खाली बसली. सतरा नंबर सलाइन घेताना मांडीवर पांढरे हातमोजे ठेवून बसते, म्हणाली. तिला वाटायचं, बाई गोदामात कामाला असेल.

नाव तिनेही घेतलं नाही आणि मीही नाही. पण एवढं तिने समजावून सांगितलं, की सलाइनमधल्या त्या औषधाने हातापायांच्या नसा हळव्या होतात, थंड वस्तूला हात लागला की करंट बसल्यासारखं होतं. पहिल्या दिवशी तिने थंड टाळा म्हणून बजावलं होतं. पण भिवंडीत कुठल्याही डॉक्टरकडे जा, सर्दीला जा नाहीतर गुडघेदुखीला, थंड, आंबट, तेलकट टाळा हे सांगतातच, त्याला कोण भीक घालतं. सुरुवातीला हा करंट आपोआप जातो. प्रत्येक डोसागणिक जायला उशीर लावतो. मग एक दिवस बोटं बधिर होतात, आणि तेव्हाही कोणी थांबवलं नाही तर ती तशीच राहू शकतात. वेळेत कळलं तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा तेवढं एक औषध काढून टाकतात. सतरा नंबरचा पाचवा डोस तीन दिवसांवर, बुधवारी होता. आणि सतरा नंबरच्या फाइलवर धम्मदिनाच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: त्रास काही नाही.

तिला स्वतःचाच भयंकर राग आला होता. मला वाईट वाटलं, मावशींना कॅन्सर आहे हे मला तसं कळायला नको होतं. पण खोटं कशाला बोलू, थोडा सुटल्यासारखाही झालो. माझ्या वायरिंगमध्ये दोष नव्हता.

सोमवारी धम्मदिनाने मंगळवारची वाट न बघता फोन लावला. प्रश्नांचा कागद बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं, मावशी, फ्रिजला हात लावला की करंट लागतो का? पलीकडून उत्तर आलं, की करंट हे आमच्या वायरमनचं काम आहे, तू दवाखान्याची बाई, तुला काय करायचंय? मग त्यांना संशय आला असावा. बरी हाय मी, म्हणाल्या, आणि फोन बंद करून टाकला. पुन्हा लागेना. आजारी माणूस स्वतः सांगत नाही तोवर मी डॉक्टरांना काय सांगू, धम्मदिना म्हणाली. नवऱ्याच्या गिऱ्हाइकाचा फ्रिज खराब आहे असं?

मंगळवारी सकाळी तिने माझी पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाली, मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही, तुम्ही मला काही सांगितलेलं नाही. तुमच्या गिऱ्हाइकाकडे जा आणि तुमच्या कामाबद्दल काय ते बोला.

ठकुमावशी ओटीवर बसल्या होत्या. समोर सुपात तांदळाचं पीठ, आणि जमिनीवर अर्धा भरलेला चौक. लग्नाचा सराव चालला होता. पन्नास वर्षं चौक भरणाऱ्या बाईला सराव कशाला लागतो, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी पिशवी न उघडता समोर बसलो.

"मावशी, ह्यो करंट माजा न्हाय," मी म्हणालो. "डॉक्टरचा हाय."

त्यांनी मान वर केली नाही. "मी आजारी हाय ह्या तुला कोनी सांगला?"

"फ्रिजनं सांगला."

त्या हसल्या नाहीत. रेघ ओढता ओढताच बोलायला लागल्या. आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन त्याचंच होतं. गावाला माहीत नाही, व्याह्यांना तर नाहीच नाही. नर्सबाईचे चोवीस प्रश्न म्हणजे त्यांच्या मते परीक्षा होती, एका प्रश्नाला जरी हो म्हटलं तरी नापास, दवा बंद. दवा बंद झाली तर एप्रिल दिसायचा नाही. म्हणून त्या 'न्हाय' म्हणत आल्या. करंटचं मात्र त्यांनी लपवलं नव्हतं. तो त्यांना आजारातला वाटलाच नव्हता, वायरमनचा वाटला होता, म्हणून त्यांनी वायरमनला सांगितला होता. आणि परवा वीज नसताना तो लागला तेव्हापासून त्यांना झोप नव्हती.

"कॅन्सरवालीला धवला बोलाया कोन बोलवील?" त्या म्हणाल्या. "हलदीच्या पाटाशी कोन बसवील मना? करिष्माचा लगीन माज्या तोंडून झाला पायजे. मंग काय व्हायचा त्या होवदे."

लोक कसे असतात ते मला चांगलं माहीत आहे, मी त्यांच्या माळ्यावर चढतो. पण दवा बंद होईल या भीतीचं उत्तर माझ्या धंद्यातलं होतं.

"लोड जास्ती झाला तर आमी लोड कमी करतो, मावशी. लाइन तोडत न्हाय. पन वायर गरम होतेय ह्या कोनी सांगलाच न्हाय, तर ती जलून जाते."

मावशी सुपातली मूठ घेऊन पुढची रेघ ओढायला लागल्या. मूठ नीट वळत नव्हती, अर्धं पीठ पहिल्या वळणावरच सांडलं. हात पुढे चालत राहिला. कोपरा घेतला, दुसरी रेघ, मग नागमोडी कड. अगदी सफाईने, पन्नास वर्षांच्या सवयीने हात फिरत होता आणि जमिनीवर काहीच पडत नव्हतं.

"मावशी," मी म्हणालो, "मूठ रिकामी हाय."

त्यांनी हात उलटा करून उघडला. नुसता पांढरा तळवा. त्या तळव्याकडे बघत बसल्या. बोटं एकमेकांवर घासली, पुन्हा घासली.

"मना भरल्यावानी लागते," त्या हळूच म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. थोड्या वेळाने त्यांनी सूप बाजूला सारलं. उद्या येते म्हणून त्या नर्सबाईला सांग, म्हणाल्या, आणि फोनवर मी खेकसले ते मनावर घेऊ नको म्हणावं. मग एकदम त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि ती माझी कोण लागते ते विचारलं. बायको, मी म्हटलं.

"घरात नर्स," त्या म्हणाल्या, "आनि तू आमचे अंगनात खड्डा खनलास?"

बुधवारी मावशींनी डॉक्टरांपुढे सगळं सांगितलं, करंट, बोटं, पीठ, दूधसुद्धा. डॉक्टरांनी सलाइनमधलं ते औषध काढलं, त्यासोबत घरी घ्यायच्या गोळ्या चालू ठेवल्या. कॅन्सरसाठी गोळ्या पुढे चालतील, म्हणाले. बोटांचं विचारलं तर म्हणाले, येईल जीव हळूहळू, काही महिने जातील, पण पूर्ण येईल अशी खात्री मी देणार नाही. मला त्यांचं हे आवडलं. मीही जुन्या मोटारीची खात्री कधी देत नाही.

धम्मदिनाने प्रश्नांच्या कागदावर शेवटी जी रिकामी जागा असते, तिथे मावशींचे शब्द जसेच्या तसे लिहून शहरात पाठवले. मग तेच औषध घेणाऱ्या बाकीच्यांना फोन लावून एकच प्रश्न विचारला, करंट लागतो का? अकरा जणांपैकी सात जण हो म्हणाले. एकाने पाण्याची मोटार बदलून घेतली होती, एकीने स्टीलचं कपाट भावाकडे पाठवलं होतं आणि एकीच्या मुलाने उतारा काढायला भगत आणला होता. महिन्याभरात शहरातून नवा कागद छापून आला. त्यात चौदावा प्रश्न होता: 'थंड वस्तूला हात लावल्यावर करंट लागतो का?' मी म्हटलं, हे वाक्य माझं आहे. धम्मदिना म्हणाली, तुमचं नाही, ठकुमावशींचं आहे. खरं होतं, मी वाद घातला नाही.

हळदीच्या संध्याकाळी मी मांडवात लाइटिंगच्या शिडीवर होतो. रोषणाईचा लोड मोठा, म्हणून मी मेन बोर्डातून थेट वायर ओढली होती. खाली मावशी चौक भरत होत्या. शेजारी हिरव्या साडीत करिष्मा वाकून बसलेली, आणि दर थोड्या वेळाने ती सांगत होती, "आजे, पीठ संपला." मावशी मूठ भरून घ्यायच्या आणि पुढे जायच्या. बायका एकमेकींकडे बघत होत्या. नवऱ्यामुलाची आई कमळाबाई कौतुकाने थंड सरबताचा ग्लास घेऊन आली आणि मावशींच्या हातात द्यायला लागली.

मावशींनी हात मागे घेतला. ताप आहे, घसा धरलाय, काहीही सांगता आलं असतं.

"मना थंड चालत न्हाय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मी कॅन्सरची दवा घेतंय."

माझ्या हातातली पक्कड तशीच राहिली. करिष्माने आजीचा पदर घट्ट धरला होता. कमळाबाई ग्लास घेऊन तशीच उभी होती, आणि तिच्या तोंडावर काय चाललंय ते मला वरून दिसत नव्हतं.

"मंग गरम पानी आनतंय," ती म्हणाली. "तुमी बोला धवला. गला सुकल तुमचा."

मावशींनी धवला धरला. आवाज पहिल्यासारखा नव्हता, मधे दम लागत होता, पण डीजेवाल्याला काही सांगावं लागलं नाही. कोपऱ्यात बसलेल्या धम्मदिनापाशी नंतर एकेक बाई येऊन कानात काहीतरी विचारून जात होती. त्या काय विचारत होत्या, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.

जून सरता सरता मावशींच्या गोळ्या संपल्या. श्रावणात एका दुपारी माझा फोन वाजला. "नागसेन," मावशी म्हणाल्या, "करंट लागतं."

औषध बंद होऊन किती दिवस झाले, आणि परत? धम्मदिना ड्युटीवर होती, फोन उचलेना. मी गाडीला किक मारली आणि वळला पोचेपर्यंत नको नको ते मनात आणलं. मावशी ओटीवर बसल्या होत्या, समोर सुपात पीठ. चेहरा काहीतरी वेगळाच दिसत होता.

"फ्रिजला?" मी विचारलं.

खिडकीच्या गजाला, त्या म्हणाल्या. गज थंड नव्हता. दुपारचं ऊन त्याच्यावरच आलं होतं. कुठे लागला विचारलं तर त्यांनी अंगठा आणि पहिलं बोट पुढे केलं. टोकांना, म्हणाल्या. नुसतं झिणझिणलं.

काय करावं ते सुचेना म्हणून मी सवयीने टेस्टर काढला आणि गजाला टेकवला.

दिवा पेटला.

मी धावत जाऊन मेन पाडला. मग शोधत गेलो. लग्नाच्या रोषणाईची वायर उतरवताना एक तुकडा मी खिडकीमागेच ठेवला होता, टेप गुंडाळून, नंतर काढू म्हणून. मेन बोर्डातून थेट आलेला. पावसाने टेप कुजली होती आणि उघडी तार गजाला टेकत होती. वायरमनला याहून लाजिरवाणं काही नाही. म्हाताऱ्या बाईच्या जिवावर बेतलं असतं. मी मावशींसमोर बसलो, हात जोडले, चुकलो म्हणालो, पुढे काय बोललो ते मला आठवत नाही.

मावशींचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी सुपात बोटं घातली होती. चिमूटभर पीठ उचलून त्या अंगठ्याने ते बोटांवर घासत होत्या, सोडत होत्या, पुन्हा उचलत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्यांना कळत होतं, मूठ किती भरली आणि कधी रिकामी झाली.

"बगलास?" त्या म्हणाल्या, आणि तीच बोटं त्यांनी माझ्यापुढे धरली. "ह्यो करंट तुजा हाय."